सोपारा : बुरुड राजाचा कोट

कोणत्याही गावाची माहिती देणारे पुस्तक उघडले की त्यात 'प्रेक्षणीय स्थळे' असा एक मथळा हमखास सापडतो. त्याखाली किल्ला असतो, देऊळ असते, एखाद्या सरदाराचा वाडा असतो, तळे असते. ही यादी आभाळातून पडत नाही. ती कोणी तरी तयार करतो, आणि तयार करताना काय पाहण्याच्या लायकीचे आणि काय नाही याचा निवाडा करतो. यादीत काय आले यावरून गावाचा इतिहास कळतो. काय आले नाही यावरून गावाचा समाज कळतो.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील रेल्वेत गँगमन होते, आई लोकांची धुणीभांडी करीत असे, आणि आमचे सारे बालपण कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या चाळीत गेले. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक प्रश्न देतो : तुमच्या परिसरातली पाहण्यासारखी पाच ठिकाणे लिहा. कल्याणची मुले दुर्गाडी लिहितात, अंबरनाथची मुले शिवमंदिर लिहितात, वसईकडची मुले किल्ला लिहितात. हे सर्व लिहिण्यासारखेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु यांतल्या एकाही ठिकाणी आपले पूर्वज कोणत्या नात्याने उभे होते, असे पुढे विचारले की वर्ग गप्प होतो. इतिहास ही दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आहे, आपण ती तिकीट काढून पाहायची, अशी एक समजूत या मुलांच्या मनात शाळेपासून पक्की झालेली असते.

या समजुतीला उत्तर देणारे एक गाव आपल्या अगदी जवळ आहे. ते म्हणजे सोपारा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत हे गाव ठाणे जिल्ह्यातच होते. आज ते वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि 'नालासोपारा' या स्टेशनाच्या नावाने लाखो लोकांच्या तोंडी आहे. नाळे आणि सोपारा या दोन गावांच्या नावांनी मिळून ते स्टेशनाचे नाव झाले. लोकलला लटकून रोज कामाला जाणाऱ्या माणसांचे हे शहर दाट वस्ती, पावसाळ्यात तुंबणारे पाणी आणि गर्दी यांसाठी वर्तमानपत्रांत येते. तेथे पाहण्यासारखे काही असेल असे कोणाला सहसा वाटत नाही. म्हणूनच तेथे काय आहे आणि ते कसे पाहावे, हे थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचे एक फार जुने बंदर. वसईची खाडी आणि वैतरणेची खाडी यांच्यामधल्या प्रदेशात ते वसले. आज जेथे भातखाचरे, वाड्या आणि इमारती दिसतात तेथवर एके काळी खाडीचे पाणी येत असे आणि गलबते आत शिरत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात भडोचच्या खालच्या बंदरांची नावे आहेत. त्यांत सुप्पारा आणि कल्लिएना ही नावे लागोपाठ येतात. म्हणजे सोपारा आणि कल्याण. आज एक पश्चिम रेल्वेवर, दुसरे मध्य रेल्वेवर. पण दोन हजार वर्षांपूर्वी ही एकाच व्यापारी मार्गावरची शेजारी गावे होती. टॉलेमीच्या भूगोलातही सोपाऱ्याचे नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या एका भिक्षूच्या दानाचा लेख आहे.

बाहेरगावचा माणूस येथे येत होता आणि त्याची सोय केली जात होती, याचाही पुरावा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली, असे तो त्यात सांगतो. शोर्पारग म्हणजे सोपारा. त्याच लेखात नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचा उल्लेख आहे आणि त्या नद्यांत डहाणूच्या नदीचेही नाव आहे. उषवदाताची बरीचशी दाने ब्राह्मणांना होती, लेणे भिक्षूंना होते. हे दोन्ही त्याने लिहिले आहे आणि आपणही दोन्ही सांगितले पाहिजे. मुद्दा एवढाच की पर्यटन ही आजची कल्पना नव्हे. या गावाला पाहुण्यांची सवय फार जुनी आहे.

आता स्तूपाकडे येऊ. १८८२ सालापर्यंत सोपारा गावाबाहेर एक मोठा उंचवटा होता, झाडाझुडपांनी झाकलेला. विटांचा तो ढिगारा म्हणजे काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम चालू होते. त्याचे संपादक कॅम्पबेल यांच्या प्रोत्साहनाने पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल महिन्यात हा उंचवटा खणला. भगवानलाल हे जुनागढचे. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस गिरनारच्या शिलालेखांवर ब्राह्मी लिपी शिकला आणि पुढे मोठमोठ्या पंडितांना ती वाचून दाखवू लागला.

ढिगाऱ्याच्या मध्यभागी विटांनी बांधलेली एक पोकळी लागली. तिच्यात दगडाचा एक मोठा गोल करंडक होता. करंडक उघडल्यावर मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती बसविलेल्या आढळल्या : पूर्वीचे सहा बुद्ध, शाक्यमुनी आणि यापुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते. एवढ्या डब्यांच्या आत, एवढ्या सोन्याच्या पोटात, जपून ठेवलेली मुख्य वस्तू कोणती? मातीच्या भांड्याचे काही बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे आहेत अशी श्रद्धा ठेवणाऱ्यांची श्रद्धा होती.

येथे थोडे थांबून विचार करावा. ते पात्र खरोखर बुद्धाचे होते की नाही हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही आणि तशी घाईही नको. परंतु या लोकांच्या मूल्यांची उतरंड पाहा. सोने बाहेरून आणि माती आत. राजाचे नाणे बाजूला आणि भिकेच्या वाडग्याचा तुकडा मध्यभागी. ज्या समाजव्यवस्थेत काही माणसांचे पाणी पिण्याचे मडके वेगळे ठेवले गेले, त्या व्यवस्थेने बाटवलेली मातीची भांडी आणि ही सोन्यात ठेवलेली खापरी यांच्यामधले अंतर मी वर्गात दाखवतो, तेव्हा मुलांना निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

या सापडलेल्या वस्तूंवरून आणखी एक गोष्ट कळते. यज्ञ सातकर्णी याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. ब्राँझच्या मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकांतल्या मानल्या जातात. म्हणजे मधल्या सहाशे-सातशे वर्षांत स्तूपाची ही पोकळी पुन्हा उघडली गेली, तिच्यात नव्या मूर्ती ठेवल्या गेल्या आणि ती पुन्हा बंद केली गेली. एखादे श्रद्धास्थान इतकी शतके जागते राहते ते केवळ राजाश्रयावर राहत नाही. राजवंश बदलले, स्तूपाची देखभाल करणारे हात बदलत गेले, पण थांबले नाहीत. पुढे १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याने कुरेशी यांच्या देखरेखीखाली पुन्हा उत्खनन केले, तेव्हा मुख्य स्तूपाभोवती लहान स्तूपही आढळले.

मग हे हात कोणाचे होते? या प्रश्नापाशी पुस्तकी पुरावा संपतो आणि लोकांची आठवण सुरू होते. भगवानलाल खणायला आले तेव्हा गावकरी या उंचवट्याला स्तूप म्हणत नव्हते, कारण तो शब्दच विसरला गेला होता. ते त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत होते.

बुरुड म्हणजे बांबू फोडून, त्याच्या कामट्या काढून सुपे, टोपल्या, रोवळ्या विणणारा माणूस. महाराष्ट्रात ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. धान्य पाखडायला सूप बुरुडाचे लागते. मूल जन्मले की पाचवीच्या पूजेला सूप लागते. लग्नाकार्यात रोवळी-टोपली लागते. सूप उंबऱ्याच्या आत जाते, सूप विणणारा उंबऱ्याबाहेर राहतो. माझी आई चाळीच्या दारात बसून रेशनचे तांदूळ पाखडीत असे, तेव्हा कोंडा वाऱ्यावर उडे आणि दाणा सुपात राही. इतिहास पाखडणाऱ्यांच्या हातात मात्र पुष्कळदा उलटे झाले आहे.

आता गावाचे नाव पाहा. संस्कृतात त्याला शूर्पारक म्हणतात, पालीत सुप्पारक. शूर्प म्हणजे सूप. महाभारतातल्या कथेप्रमाणे समुद्राने परशुरामासाठी मागे सरून जी भूमी दिली ती शूर्पारक. कोकणची भूमी परशुरामाची आणि त्याने ती ब्राह्मणांना दिली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. म्हणजे एकाच गावाच्या मालकीचे दोन दावे आहेत. पोथीतला दावा सांगतो की ही भूमी कुऱ्हाडवाल्या ऋषीची. गावकऱ्यांच्या तोंडचा दावा सांगतो की येथला कोट सूप विणणाऱ्या राजाचा.

येथे आपल्या कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. बुरुड राजाचा कोट या नावावरून बुरुड जातीचा राजा सोपाऱ्यात राज्य करीत होता, असे सिद्ध होत नाही. तसे भाषणात सांगून टाळ्या घेणे सोपे आहे, पण पोथीतल्या कथेला इतिहास म्हणणाऱ्यांची चूक आपण त्यांच्याच पद्धतीने करू नये. कदाचित पालथ्या टोपलीसारख्या दिसणाऱ्या त्या उंचवट्याच्या आकारावरून हे नाव पडले असेल. तरीही एक गोष्ट या नावावरून निश्चित सिद्ध होते. भिक्षू गेले, विहार ओस पडले, लिपी विसरली गेली. त्यानंतर शेकडो वर्षे या जागेची आठवण लोकांनी ठेवली ती एका श्रमिक आणि हीन लेखलेल्या जातीच्या नावाने. त्यांना कोणाही क्षत्रियाचे नाव देता आले असते. पांडवांची लेणी, पांडवांचे वाडे यांनी महाराष्ट्र भरलेला आहे. सोपाऱ्याच्या लोकांनी राजा निवडला तो बुरुड. लोकस्मृतीचा हा कौल इतिहासकाराने कमी लेखू नये.

बौद्ध वाङ्मयातही सोपाऱ्याची जी माणसे येतात ती याच कौलाला जुळणारी आहेत. 'दिव्यावदान' या ग्रंथात पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारक येथील भव नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, परंतु त्याची आई घरातली दासी. भव आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी पाठ फिरवली आणि या दासीने त्याला वाचवले. पुढे संपत्तीच्या वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी दासीपुत्राला वाटा तर दिला नाहीच, उलट त्यालाच वाटणीतल्या मालासारखे धरले. पूर्ण स्वतःच्या हुशारीवर व्यापारी झाला, अनेकदा समुद्रपर्यटन करून आला आणि शेवटी भिक्षू झाला. चंदनाचा विहार त्याच्या नावाशी जोडलेला आहे. बुद्ध स्वतः सोपाऱ्यास आले हा भाग श्रद्धेचा. तो इतिहास म्हणून मी शिकवीत नाही. पण सोपाऱ्याच्या धम्माचा पहिला नायक म्हणून कथाकारांना दासीचा मुलगा निवडावासा वाटला, ही बाब इतिहासाचीच आहे.

पालीतल्या सुत्तात हाच पूर्ण 'पुण्ण' होतो. तो सुनापरान्तात जायला निघतो तेव्हा बुद्ध त्याला विचारतात की तेथले लोक चंड आहेत, कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या, मारले, तर काय करशील? पुण्णाची उत्तरे प्रसिद्ध आहेत. आमच्या चळवळीतल्या तरुणांना ही सहनशीलता पचत नाही आणि त्यांचा तो राग मला समजतो. परंतु माझे लक्ष दुसऱ्या शब्दाकडे जाते. अपरान्तातल्या, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या माणसांना 'चंड' आणि 'कठोर' कोणी ठरवले? मध्यदेशातल्या सुसंस्कृत समाजाने. वस्तीला अगोदर गुंड ठरवायचे आणि मग तिच्याकडे पाठ फिरवायची, ही रीत जुनी आहे. नालासोपाऱ्याला आजही ती भोगावी लागते. पुण्ण ते लेबल ऐकूनही गेला, कारण ती माणसे त्याची होती.

सोपाऱ्याचा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा ठेवा म्हणजे सम्राट अशोकाचे शिलालेख. अशोकाने चौदा आज्ञा देशाच्या कानाकोपऱ्यांत खडकांवर कोरविल्या. महाराष्ट्रात त्यांचे अवशेष मिळाले ते फक्त सोपाऱ्यात. १८८२ मध्येच भातेला तळ्याजवळ भगवानलाल यांना आठव्या आज्ञेचा एक तुकडा मिळाला. त्यानंतर १९५६ साली जवळच्या भुईगावच्या किनाऱ्याकडे नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांसह धम्म स्वीकारला, त्याच वर्षी अशोकाचा हा दगड वर यावा, हा केवळ योगायोग. पण तो विसरण्यासारखा नाही.

तुकडे लहान आहेत. मजकुराचा थोडाच भाग त्यांवर शिल्लक आहे, परंतु गिरनार आदी ठिकाणच्या प्रती पूर्ण असल्यामुळे अर्थ पूर्ण लावता येतो. आणि चौदांपैकी नेमक्या याच दोन आज्ञा आपल्या वाट्याला आल्या, याचे मला फार नवल वाटते, कारण त्या दोन्ही गावात येणाऱ्या माणसाने कसे वागावे याच्याशी संबंधित आहेत.

आठवी आज्ञा प्रवासाबद्दल आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, असे अशोक सांगतो. येथे 'विहार' म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान नव्हे, मौजेखातर हिंडणे. त्यात शिकार असे, इतर करमणुकी असत. अभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचे हेही त्याने सांगितले आहे : श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी व दान, वृद्धांच्या भेटी व त्यांना मदत, जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या, माणसांना भेटणे, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणे आणि त्यांना प्रश्न विचारणे. राजाने स्वतः उठून गावच्या माणसाकडे जायचे! पर्यटन म्हणजे काय याचा इतका स्वच्छ विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही. मौजेसाठी हिंडणारा जागा पाहतो. धम्मयात्री जागेवरच्या माणसाला भेटतो.

नववी आज्ञा मंगलकार्यांबद्दल आहे. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवासाला निघणे अशा वेळी लोक नाना प्रकारची मंगले करतात, विशेषतः बायका क्षुद्र आणि निरर्थक विधी करतात, असे अशोक म्हणतो. खरे मंगल ते धम्ममंगल : दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान. ही आज्ञा वर्गात वाचली तेव्हा एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, विधी बायका करतात खरे, पण ते सांगतो कोण आणि दक्षिणा घेतो कोण?" अशोकाला तिचा प्रश्न पटला असता असे मला वाटते. ते असो. दासाशी आणि नोकराशी आपण कसे वागतो हीच आपल्या धार्मिकतेची कसोटी, असे एका सम्राटाने या मातीत दगडावर कोरून ठेवले होते. आणि त्याच मातीत पुढे माणसांच्या सावलीचा विटाळ मानला गेला. या दोन गोष्टींच्या मधली शतके हा आमच्या अभ्यासाचा खरा विषय असावयास हवा.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. शिलाहारांच्या काळात सोपारा नांदते होते. चक्रेश्वर तळ्याजवळच्या देवळाच्या आवारातली मध्ययुगीन शिल्पे, त्यांत ब्रह्मदेवाची उभी मूर्तीही आहे, त्या काळाची साक्ष देतात. अरब प्रवाशांनी त्याचे नाव 'सुबारा' असे लिहिले. जैन परंपरेतही हे तीर्थ म्हणून प्रसिद्ध आहे. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंचे देह जोर्डानस या त्यांच्या सोबत्याने सोपाऱ्यात नेऊन पुरले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ठाणे-वसईकडे सरकला, पोर्तुगीज आणि मराठे वसईच्या किल्ल्यासाठी लढले आणि सोपारा हे भाजीपाल्याच्या वाड्यांचे एक साधे गाव होऊन राहिले.

आज सोपाऱ्याला जाणाऱ्या माणसाला एक अडचण जाणवते. गाव तीन ठिकाणी विभागले गेले आहे. स्तूपाच्या विटा सोपाऱ्यात आहेत. करंडक आणि त्यातल्या वस्तू मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाचे दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. वस्तू सुरक्षित राहिल्या ही चांगलीच गोष्ट. परंतु स्तूपापाशी उभा राहिलेला माणूस विटांचा ढीग पाहतो आणि 'येथे काय आहे?' म्हणून परत फिरतो. म्हणून माझा आग्रह असा की सोपाऱ्याची यात्रा एका दिवसाची नसावी, दोन दिवसांची असावी. पहिल्या दिवशी मुंबईत दगड पाहावेत. ब्राह्मीची मुळाक्षरे आठवडाभरात शिकता येतात. ती शिकून जावे. दुसऱ्या दिवशी सोपारा. कल्याण-डोंबिवलीच्या मंडळींनी दादरला गाडी बदलण्यापेक्षा दिवा-वसई गाडी धरावी. वसई रोडच्या पुढचेच स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षाने स्तूपाला जाता येते. मग चक्रेश्वर तळे पाहावे.

बुद्धपौर्णिमेला आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून, मुलाबाळांना घेऊन स्तूपापाशी येतात. मेणबत्त्या लागतात, वंदना होते. हे दृश्य पाहून ऊर भरून येतो, कारण ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही ती माणसे येथे कोणाची परवानगी न मागता येतात. तरीही एक कटू वाटणारी गोष्ट बोलली पाहिजे. नवव्या आज्ञेच्या गावी आपण फक्त विधी करून परत आलो, तर अशोकाने ज्याला निरर्थक मंगल म्हटले तेच आपण केले असे होईल. वंदना करावी, परंतु त्यानंतर तासभर बसून ती आज्ञा मोठ्याने वाचावी, मुलांना पूर्णाची गोष्ट सांगावी, आणि आसपासच्या वृद्ध माणसांकडे जाऊन तळ्यांची, बंधाऱ्यांची, शेतांची जुनी नावे विचारून वहीत उतरून घ्यावी. बुरुड राजाचा कोट हे नाव कोणी तरी असेच विचारले म्हणून आपल्यापर्यंत आले. इमारतींखाली जमीन जात आहे तशी नावेही जात आहेत. दगड पुन्हा सापडू शकतो, पण म्हाताऱ्या माणसाबरोबर गेलेले नाव पुन्हा सापडत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अनेक लहान गावे आपल्या जुन्या वाड्यांवर पर्यटकांना बोलावतात. उंच खांबांचे, पांढऱ्या रंगाचे, बागाईतदारांचे ते वाडे पाहायला लोक दुरून जातात. त्या वाड्यांच्या मागे गुलामांच्या झोपड्या होत्या. मार्गदर्शक त्यांच्याविषयी फारसे बोलत नसत. २०१४ साली लुइझियाना राज्यातला व्हिटनी नावाचा एक मळा लोकांसाठी खुला झाला, तेव्हा तेथे सारी कथा गुलामांच्या बाजूने सांगण्याचे ठरवण्यात आले. २०१८ साली अलाबामातल्या माँटगोमेरी गावात जमावाने ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक काळ्या माणसांचे स्मारक उभे राहिले. जिल्हावार लोखंडी स्तंभांवर त्यांची नावे कोरली आहेत. वाडा तोच असतो आणि गावही तेच असते. कथा कोणाच्या तोंडून सांगायची हे बदलले की पाहणाऱ्याचे पाय वेगळ्या दिशेला वळतात. आपल्याकडे ही दिशा वळवण्यासाठी नवे स्मारक बांधण्याची वाट पाहावी लागत नाही. सोपाऱ्यात ते बांधलेलेच आहे, आणि लोकांनी त्याला नावही देऊन ठेवले आहे.

राहिला प्रश्न सरकारने काय करावे याचा. स्तूप पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले संरक्षित स्मारक आहे. त्याच्याजवळ दोन्ही आज्ञांच्या प्रतिकृती, त्यांचा मराठी अर्थ आणि करंडकाची चित्रे लावणे हे मोठ्या खर्चाचे काम नव्हे. फलकावर 'बुरुड राजाचा कोट' हे लोकांचे नावही लिहावे, असे मला वाटते. परंतु फलकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत आता शिक्षक आहेत, पदवीधर आहेत, वाचनालये आहेत. पंचवीस विद्यार्थ्यांना घेऊन वर्षातून एकदा सोपाऱ्याला जाणे हे कोणत्याही शिक्षकाला जमण्यासारखे आहे. जाण्यापूर्वी त्यांना पाच प्रेक्षणीय स्थळांची यादी करायला सांगावी आणि परत आल्यावर तीच यादी पुन्हा करायला सांगावी. गेली काही वर्षे मी हे करतो आहे. दुसऱ्या यादीत मुले आपापल्या वस्तीतली ठिकाणे लिहू लागली आहेत : आजोबांनी हमाली केलेला धक्का, आईचा वीटभट्टीचा मुलूख, चाळीतले पहिले बुद्धविहार. ही यादी अजून कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही. ती छापण्याचे काम आपले आहे.